जे फक्त आपल्यालाच ऐकू येतं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला पार्श्वसंगीत म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. मैदानाच्या कडेला हलगी, घुमकं आणि कैताळ घेऊन वादक उभे असतात. सलामी झडते तेव्हा हलगी बेतानं चाललेली असते. दोघे मल्ल खडाखडी करत एकमेकांचा अंदाज घेतात, तोवर तिलाही घाई नसते. मग कुणीतरी पटात घुसतो, कब्जा घेतो, आणि हलगी अशी काही चढते की लांब वरच्या पायरीवरचा, ज्याला नीट दिसतही नाही असा म्हाताराही ताडकन उभा राहतो. डाव कुठला पडला हे तो शेजाऱ्याला नंतर विचारतो. काहीतरी घडलंय हे त्याला हलगीनं आधीच सांगितलेलं असतं.

सिनेमातलं संगीत एका बाबतीत याहून वेगळं आहे. खासबागेतली हलगी मल्लांनाही ऐकू येते, त्यांच्या अंगात वारं भरतं. सिनेमातल्या नायिकेला मात्र तिच्यासाठी वाजणारी सतार कधीच ऐकू येत नाही. ती विहिरीच्या काठावर एकटी बसलेली असते, मागं व्हायोलिनं वाजत असतात, आणि त्या गोष्टीतल्या एकाही माणसाच्या कानावर ती पडत नाहीत. ती फक्त आपल्याला ऐकू येतात. संवाद पात्रं एकमेकांशी बोलतात, कॅमेरा त्यांच्याकडे बघतो, घर त्यांचं, भांडण त्यांचं. संगीत तेवढं पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसासाठी असतं. तिकीट काढून अंधारात बसलेल्या अनोळखी माणसाच्या वाट्याला सिनेमातलं जे काही खास त्याचं म्हणून येतं, ते हे. सिनेमात जीव रमतो तो मुळात यामुळे, असं माझं मत होत गेलं आहे, आणि ते होण्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

कारण इथं सिनेमाच्या आधी गाणं आलं. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. देवल क्लबात मैफली होत होत्या. केशवराव भोसल्यांसारखा गायक नट कोल्हापुरात जन्मला. (त्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा ज्यांनी तिथं कधी नाटक पाहिलं नव्हतं तीही माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.) १९२१ मध्ये केशवराव आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले तो 'संयुक्त मानापमान' प्रयोग नाट्यवेड्यांच्या घरांत आजही सांगितला जातो. त्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. हे गोविंदराव म्हणजे पेटीवर हात असलेला मोठा माणूस, कोल्हापुरात वाढलेला.

पुढे बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. तो मूकपटांचा जमाना. पण मूकपट थिएटरात मूक नसायचा. पडद्याच्या पुढ्यात पेटी आणि तबला घेऊन माणसं बसायची. पडद्यावर झुंज लागली की तबल्याची लय वाढायची, कुणाचे डोळे भरले की पेटी खाली मंद्रात उतरायची. म्हणजे आवाजाचं यंत्र यायच्या कितीतरी आधी लोकांनी ठरवून टाकलं होतं की नुसतं चित्र आम्हाला पुरणार नाही. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. तो कुठल्या तंत्रज्ञानं घेतलेला नाही, बघणाऱ्यांनी घेतलेला आहे.

१९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे पाच भागीदार, आणि कंपनीचं बोधचिन्ह तुतारी फुंकणारी स्त्री. मार्च १९३१ मध्ये मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला, सात गाण्यांसह. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात तयार झालेला 'अयोध्येचा राजा' झळकला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. तारामती दुर्गा खोटे. पार्श्वगायन त्या वेळी आलेलं नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायचं आणि वादकांनी चौकटीच्या बाहेर, कुठं खांबाच्या आड, कुठं झाडाच्या मागं दडून त्याच क्षणी वाजवायचं. एक सूर चुकला तर सगळं पुन्हा. नट भावनेच्या भरात माइकपासून दोन पावलं लांब गेला तरी पुन्हा.

त्या खांबाआडच्या तबलजीचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तो राजवाड्यात बसलेला आहे, हरिश्चंद्र त्याच्यापासून हाताच्या अंतरावर आहे, आणि तरीही त्या कथेत तो नाही. त्यानं कथेत दिसायचं नाही, पण कथेला सोडायचंही नाही. सिनेमाच्या संगीताची जागा तेव्हापासून तीच राहिली. वादक सेटवरून रेकॉर्डिंग स्टुडिओत गेले, स्टुडिओतून संगणकात गेले, पण चौकटीच्या अगदी कडेला, एक पाऊल बाहेर ही जागा काही बदललेली नाही. ज्या संगीतकाराला ती जागा कळते तो मोठा. ज्याला चौकटीच्या मधोमध यायची घाई होते, त्याचं गाणं लोकप्रिय होईल, सिनेमा त्याच्यामुळे चांगला होईलच असं नाही.

१९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली. जाताना हे शहाणपण ती बरोबर घेऊन गेली असणार, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत तिनं दोन टोकांच्या गोष्टी करून दाखवल्या. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये अभंग हाच सिनेमाचा श्वास आहे. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा ते गाणं म्हणतायत असं वाटतच नाही, बोलणं जरा वर उचललं गेलंय एवढंच जाणवतं. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण ते त्या चित्रात इतकं मुरलं की पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटत आला. आणि लगेच १९३७ मध्ये 'कुंकू'. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुण मुलीची गोष्ट. तिथं शांतारामांनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवलं आणि घरातल्या, रस्त्यावरच्या खऱ्या आवाजांवर प्रसंग तोलले. व्हायोलिनं लावून रडवायची पूर्ण सोय असताना ते केलं नाही. त्या मुलीच्या घरात तिच्या बाजूचं कुणी नाही, हे संगीताच्या गैरहजेरीतून कळतं. आणि मग शांता आपटे स्वतःच्या तोंडानं गातात तेव्हा त्या गाण्याला किंमत येते.

संगीतामुळे सिनेमा रंगतो म्हणताना मला हेही त्यात धरायचं असतं. कुठं वाजवायचं नाही हे ठरवणं संगीतकाराच्याच कामाचा भाग आहे.

आता जरा भालजी पेंढारकरांच्या इथल्या जयप्रभा स्टुडिओकडे वळतो, कारण या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालायला आलं की मी त्याला 'साधी माणसं'पाशी घेऊन येतो. १९६५ चा भालजी पेंढारकरांचा सिनेमा. लोहार नवरा-बायको, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. संगीतकार म्हणून नाव 'आनंदघन'. हे आनंदघन कोण, ते पुष्कळांना राज्य पुरस्काराच्या समारंभात कळलं, कारण बक्षीस घ्यायला लता मंगेशकर उठल्या. वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करत त्यांनी काही काळ याच गावात काढला होता. भालजींच्या चित्रपटांसाठी चाली बांधताना त्यांनी दुसरं नाव घेतलं, आणि त्या चालींत जी मराठी माती आहे ती मला त्यांच्या हिंदीतल्या कुठल्याही गाण्यात सापडत नाही.

'ऐरणीच्या देवा तुला' हे त्यातलं गाणं. शब्द जगदीश खेबूडकरांचे, म्हणजे इथल्याच शाळामास्तरांचे. हे गाणं एवढ्या वेळा कानावर पडलेलं आहे की ते आपण आता ऐकतच नाही, गृहीत धरतो. मला ते पुन्हा नव्यानं ऐकू आलं ते आजोळच्या लोहाराच्या भात्याजवळ.

लोहारकाम जवळून पाहिलं नसेल तर सांगतो. भाता ओढला की कोळसा आधी काळपट लाल, मग शेंदरी होतो. सांडशीत धरलेला फाळ भट्टीतून बाहेर येतो तेव्हा तो पिवळट दिसत असतो आणि त्याच्या अंगावरून खपली सुटत असते. तो ऐरणीवर ठेवला की कारागीर हातोडीनं एक हलका ठोका देतो. तो ठोका लोखंडाला वळण द्यायला नसतो, घण कुठं पडायचा ते दाखवायला असतो. समोरचा त्या जागी घण घालतो. की लगेच दुसरी जागा, हलका ठोका, मग घण. टिंग-ठण, टिंग-ठण. मधेच फाळ उलटायचा असतो तेव्हा हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजत राहते, म्हणजे लय सुटत नाही आणि घण उचलणाऱ्याचा दम राहतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. आमच्या आजोळी घण घालायला लोहाराची बायको असायची. पदर खोचून, कपाळावरचा घाम मनगटानं पुसून ती घण उचलायची आणि तिच्या नवऱ्याची हातोडी तिला बोलवायची.

त्या गाण्याचा ठेका ऐका. लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज त्यात आहे, पण तो नुसता 'इफेक्ट' म्हणून वरून डकवलेला नाही. गाणं त्याच्यावर उभं आहे. घरात देव्हारा नसेल, फुलं नसतील, तर ठिणग्याच वाहायच्या, अशी ती प्रार्थना. चाल तर इतकी साधी की घण घालता घालता धाप न लागता म्हणता यावी. फार वरची जागा नाही, ताना नाहीत. जगातला सगळ्यात तयार गळा हाताशी, स्वतःचाच, आणि लताबाईंनी त्याला काय करायला लावलं, तर लोहारणीच्या श्वासाएवढंच गायला लावलं. मला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता गाण्यांमुळे गोष्ट खोळंबते म्हणणाऱ्यांना मी विचारतो, या गाण्यात कथा किती पुढे जाते? अजिबात जात नाही. गाण्याआधी ते लोहार असतात, गाण्यानंतरही लोहार. पण ती तीन-चार मिनिटं काढून टाका आणि मग त्यांच्यावर संकट येऊ दे. आपल्याला वाईट वाटेल, जसं पेपरात वाचून वाटतं तसं. गाणं झालेलं असलं की मात्र ती दोघं आपल्या ओळखीची झालेली असतात. त्यांचा संसार, त्यांची गरिबी, त्यांचा देव आणि एकमेकांवरचा जीव, हे सगळं दाखवायला पाच-सहा प्रसंग लिहावे लागले असते, आणि ते लिहूनही एवढं आत पोचलं नसतं. गोष्ट पुढे न्यायला संवाद आहेत की. गाण्यात आपण त्या माणसांच्या शेजारी जाऊन बसतो.

तमाशापटांचं गणित थोडं निराळं. तिथं गाणं हेच पात्रांचं काम, त्यांचं पोट. त्यामुळे लावणी सुरू झाली की कथा थांबत नाही, उलट बोर्डावर जे घडतं त्यावरच पुढची उलथापालथ ठरते. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. गदिमांची 'बुगडी माझी सांडली गं', वसंत पवारांची चाल आणि आशाबाईंचा आवाज बाजूला काढून तो तेवढा चालला असता असं म्हणायची माझी छाती नाही. पुढं या पठडीत कथेशी संबंध नसलेल्या लावण्या ठिगळासारख्या लागल्या आणि लोकांना त्या आवडल्याही, पण ते सिनेमे आज कुणाला आठवत नाहीत, लावण्या आठवतात.

माझे मामा इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ती टॉकीज आता नाही. लहानपणी माझा त्यांना एकच प्रश्न असायचा, "मामा, आवाज कुठनं येतो?" एकदा मॅटिनी चालू असताना त्यांनी मला हाताला धरून बाजूच्या बोळातून पडद्याच्या मागं नेलं. "बघ. हितनं."

धुळीनं भरलेली, उंदरांनी कुरतडलेल्या गोणपाटांचा वास असलेली ती जागा. लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर कपाटाएवढा स्पीकर आणि त्याच्यावर मोठा कर्णा, दोन्हींची तोंडं पडद्याकडे. पडद्याला जवळून हात लावला तर तो चाळणीसारखा बारीक बारीक भोकांचा. त्या भोकांतून आवाज पलीकडे जातो, म्हणून नायकाच्या तोंडातून शब्द आल्यासारखे वाटतात. मागच्या बाजूनं चित्रही दिसत होतं, फिकट आणि उलटं. डाव्या हाताचा माणूस उजवीकडे, दुकानाच्या पाट्या आरशात वाचल्यासारख्या. तेवढ्यात गाणं सुरू झालं. कर्णा माझ्या डोक्याच्या वर होता. ढोलकीची थाप छातीत बसत होती, पायाखालची फळी थरथरत होती. आणि मला जाणवलं की चित्र उलटं झालंय, गाणं मात्र जसंच्या तसं आहे. कुठल्याही बाजूनं उभं राहिलं तरी त्याला डावं-उजवं नाही. मी उलट्या चित्राकडे बघत, सुलट्या गाण्यात उभा होतो, आणि मला त्या सिनेमातलं सगळं समजत होतं.

वर केबिनमध्ये मामांनी फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरून दाखवला. चौकटींच्या कडेला एक अरुंद, नागमोडी पट्टी. तोच आवाज. सेकंदाला चोवीस चौकटी झरोक्यासमोरून जातात. मग तीच फिल्म खाली साउंड हेडवर येते, तिथं एका छोट्या दिव्याचा प्रकाश त्या पट्टीतून पलीकडच्या फोटोसेलवर पडतो, उजेडाच्या कमी-जास्तीची वीज होते आणि विजेचा आवाज. साउंड हेड झरोक्याच्या नंतर येत असल्यामुळे ज्या चित्राचा जो आवाज, तो त्या चित्राशेजारी छापलेलाच नसतो. सुमारे वीस चौकटी आधी छापलेला असतो. म्हणजे फिल्मच्या पट्टीवर बघितलं तर गाणं चित्राच्या पुढं चाललेलं असतं. मला त्या वयात हे ऐकून जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

फिल्म तुटली की मामांना ती कापून जोडावी लागायची. जोडताना चार-दोन चौकटी गेल्या तर पडद्यावरचा माणूस दारातून एकदम खुर्चीत येऊन बसायचा. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण गाण्यात तसं झालं आणि मुखड्याची एखादी मात्रा उडाली, तर खाली गोंधळ. मामा म्हणायचे, "चित्र तुटलं तर शिट्ट्या येत्यात. गाणं तुटलं तर खुर्च्या मोडत्यात."

म्हणून मामा जोड देताना कात्री कुठं लावायची ते गाण्याकडे बघून ठरवायचे. संगीतकारानं जपलेली गोष्ट शेवटच्या माणसापर्यंत कितीजणांनी जपत आणलेली असते, हे मला त्या केबिनमध्ये कळलं.

संगीत म्हटलं की आपण गाण्यांपाशीच थांबतो, म्हणून दोन गोष्टी गाण्यांपलीकडच्या. 'शोले'मध्ये गब्बर ठाकूरच्या घरच्यांना मारतो त्या प्रसंगातला रिकामा झोपाळा आठवा. त्याची करकर तेवढी ऐकू येत राहते. त्याच सिनेमात बसंतीचा टांगा उधळतो आणि डाकू मागं लागतात तेव्हा घोड्याच्या टापांबरोबर सामताप्रसादांचा तबला धावतो. एकाच सिनेमात आर. डी. बर्मन एकीकडे वाद्य हातात घेऊन बसतात आणि दुसरीकडे हात आवरतात. आणि जयच्या माउथ ऑर्गनवरची ती संध्याकाळची धून, ती तर एका विधवेशी त्याचं झालेलं सगळं बोलणं आहे. दोघांनी तोंडानं बोललेलं फारसं काही नाही, तरी आपल्याला सगळं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट 'पथेर पांचाली'ची. दसरा चौकात शाहू स्मारकात तो पाहिला. वडील कितीतरी महिन्यांनी गावाहून परत येतात, पोतडीतून एकेक वस्तू काढतात, मुलीसाठी आणलेली साडी काढतात. मुलगी गेलेली आहे हे त्यांना माहीत नाही. आई साडी हातात घेते आणि कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज आपल्याला येत नाही. त्या जागी तारशहनाई, म्हणजे गजानं वाजवायचं एक तंतुवाद्य, वाजते. रविशंकरांचं संगीत. मला बंगाली येत नाही, आणि त्या क्षणी यायची गरजही नव्हती. आईचा खरा टाहो ऐकवला असता तर तो त्या एका बाईचा राहिला असता. तारशहनाईनं तो सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरातला केला. माझ्या शेजारी एक काका बसले होते, पांढरी टोपी घातलेले, बहुधा लेक्चर समजून आत आलेले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सिनेमा संपेपर्यंत डोक्यावर घातली नाही.

हे असं काही अनुभवलेलं असलं की हल्लीच्या पुष्कळ सिनेमांत जीव गुदमरतो. पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत वाजतंय. नायक गाडीतून उतरला, वाजतंय. चष्मा काढला, वाजतंय. आईनं ताट वाढलं तरी खालून तंतुवाद्यांचा थर. प्रेक्षकाला क्षणभर एकटं सोडलं तर तो मोबाइल काढेल अशी भीती वाटते की काय कोण जाणे. मल्टिप्लेक्समध्ये आवाज एवढा मोठा ठेवतात की संवाद संपल्यावर कान मोकळा होण्याआधी पुढचा दणका येतो. रसभंग होतो म्हणणं सौम्य झालं. मला यात प्रेक्षकाचा अपमान दिसतो. आम्हाला काय वाटावं हे आमच्यावर सोडायची तयारीच नाही. जे संगीत फक्त आमच्यासाठी आहे म्हणून आम्हाला प्रिय, तेच आमच्या मानगुटीवर बसवायचं.

आणि लोकांना हे कळत नाही असं कुणी म्हणू नये. २०१६ मध्ये 'सैराट' लागला तेव्हा इथल्या थिएटरांत मी पाहिलंय. 'झिंगाट' सुरू झालं की पोरं पडद्यासमोरच्या जागेत उतरायची, शर्ट काढून फिरवायची, बायकाही जागेवर उभ्या राहून नाचायच्या. त्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन भलामोठा वाद्यवृंद वापरला. करमाळ्याकडच्या दोन पोरांच्या प्रेमाला त्यांनी एवढ्या व्हायोलिनांचा मान दिला, आणि तो मला त्या सिनेमाचा सगळ्यात मोठा विचार वाटतो. तोवर असलं भरजरी संगीत असल्या पोरांसाठी वाजत नव्हतं. मग उत्तरार्धात गाणी हळूहळू मागं पडत जातात. आणि शेवटी, ते छोटं लेकरू, त्याची ती पावलं, आणि आवाजच काढून घेतलेला. दोन तासांपूर्वी शर्ट फिरवणारी तीच पोरं खुर्चीला खिळलेली. दिवे लागले तरी कुणी उठेना. एवढं संगीत आधी दिलं होतं म्हणून ते काढून घेतलेलं एवढं लागलं. ज्या प्रेक्षकाला आपण अडाणी समजतो त्याला हे दोन्ही कळलं, नाचणंही आणि गप्प बसणंही.

अलीकडे आमच्या भागातली काही पोरं मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात. उसाच्या गुऱ्हाळावर रात्रपाळी करणाऱ्या एका गुळव्याची आणि त्याच्या शाळकरी पोराची गोष्ट. मला दाखवायला आणली. चित्रीकरण सुरेख आहे, काहिलीतल्या उकळत्या रसाचा फेस तर असा टिपलाय की गोड वास यावा. पण सगळ्यावर इंटरनेटवरून फुकट उतरवलेलं पियानोचं संगीत घातलेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत उदास. मी विचारलं, "हे कशाला रे?"

"काका, त्याशिवाय फील येत न्हाई."

"आवाज बंद करून बघूया का एकदा?"

बंद केला. मग मोबाइलनं मूळचा पकडलेला आवाज लावला. चरक्याची घरघर, इंजिनाचा ठेका, चुलवाणात चिपाड टाकल्यावर होणारा फुर्र असा आवाज, काहिलीत हलणाऱ्या रसाची रटरट, आणि मधूनच गुळव्यानं पोराला मारलेली हाक. पोरगं पेंगत असतं, इंजिनाचा ठेका चालूच असतो. बाप साच्यात गूळ ओततो आणि इंजिन बंद होतं. तिथं ती पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

त्यांच्यातला एकजण देवल क्लबात पेटी शिकतो. पियानो काढून टाकायचा आणि त्यानं स्वतः काहीतरी वाजवायचं असं ठरलं. मी एवढंच म्हणालो की इंजिन कुठल्या लयीत चाललंय ते आधी ऐका, आणि बापाला-पोराला जे बोलता येत नाही तेवढंच वाजवा. परवा त्यांनी नवीन कट पाठवला. आता पहिली तीन मिनिटं नुसतं गुऱ्हाळ आहे. चौथ्या मिनिटाला, बाप पोराच्या अंगावर पोतं पांघरतो तिथं पेटी येते, खालच्या सप्तकात, अगदी थोडी. माझ्या मते ती अजूनही थोडी लवकरच येते. पोतं पांघरून तो वळतो, तेव्हा यायला हवी. तसं त्यांना कळवलंय.